पावसात तबला उतरतो, मदत हवी आहे

आठवडाभर पुण्यात नुसती पिरपिर चाललीय. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, ऑफिसातून घरी येईपर्यंत मोज्यांचं तळं. पण बुधवारी रात्री चौघं मित्रमंडळी आमच्याकडे जमली, एकीने मियाँ मल्हार हा पावसाळी राग आळवला आणि खिडकीबाहेरचा तोच पाऊस एकदम गुणी वाटायला लागला. सोबत कांदाभजी होती. जरा तेल प्यायली होती, पण असो.

घोळ झाला तो तबल्याचा. गाणारीची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी चार (पेटीची चौथी काळी). बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून तबला सुरात आणावा, तर विलंबित (सुरुवातीचा संथ लयीचा भाग) संपेपर्यंत स्वारी पुन्हा उतरलेली! दमट हवेत कातडं ओलावा धरून सैल पडतं, एवढं कळतं. पण उपाय काय? एक जण म्हणतो हेअर ड्रायर फिरव, दुसरा म्हणतो शाईला, म्हणजे मधल्या काळ्या गोलाला, तडे जातील. मला दुसऱ्याचंच पटतं.

पुडी (तबल्याचं वरचं कातडी तोंड) दोन वर्षांची आहे. ती बदलावी, की नुसती वादी (ती ताणून धरणारी चामड्याची दोरी) ओढून घेतली तरी भागेल? आणि एरवी तबला कपाटात बंद ठेवावा की उघड्यावर? शनिवारी पुन्हा बसतोय, तेवढ्यात कुणी वाजवणाऱ्यांनी सांगा ना.