एडिटरचे सगळे रंग गेले, जुने परत कसे आणू? (अर्जंट)

अर्धविराम
काल रात्री पॅकेजेस अपडेट केली. सकाळी कोड लिहायचा एडिटर उघडला तर रंगांचा पार विचका. कॉन्फिग फाइल तीच आहे, त्यात एक अक्षर बदललेलं नाही. कॉमेंट्स (कोडमधल्या टिपा) नारिंगी दिसायच्या त्या राखाडी झाल्यात, बाकी सगळं फिकट निळं-हिरवं. दोन-तीन कलरस्कीम लावून बघितल्या, उपयोग शून्य. संध्याकाळी काम द्यायचंय. 'नवीन थीम घ्या' असं कृपया सांगू नका, मला जुनेच रंग हवेत.

सोलापुरी_चादर
कोणता एडिटर?

अर्धविराम
व्हिम. लिहायचं राहिलं.

रात्रपाळी
सोलराइज्ड ही थीम लावा आणि मोकळे व्हा. सोळाच रंग, पण मोजूनमापून निवडलेले. मी २०११ पासून तेच वापरतोय, एकदाही बदलावंसं वाटलं नाही.

अर्धविराम
@रात्रपाळी, माझ्या पहिल्या पोस्टचं शेवटचं वाक्य वाचा हो.

सोलापुरी_चादर
व्हिम की त्यातूनच निघालेला निओव्हिम? आवृत्ती कोणती? टर्मिनल (कमांड द्यायची खिडकी) कोणतं? टीमक्समध्ये, म्हणजे एका टर्मिनलात अनेक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवता का?

अर्धविराम
व्हिमच टाइप करतो मी… थांबा, एलियस (कमांडचं टोपणनाव) करून ठेवलाय, आत निओव्हिम आहे. ०.९ होतं, आता ०.१० दिसतंय. टीमक्स ऑफिसच्या सर्व्हरवर आहे, आणि तिथे रंग ठीक आहेत! घरच्याच लॅपटॉपवर बिघडलंय. म्हणजे लॅपटॉपची स्क्रीन गेली का?

माहेरचा_आंबा
स्क्रीन वगैरे काही नाही. व्हीएस कोड हा एडिटर घ्या. कंट्रोल के, मग कंट्रोल टी, थीमची यादी समोर. व्हिममध्ये रंग बदलायला माणूस मागावा लागतो, हे बघून हसू येतं.

रात्रपाळी
व्हीएस कोड उघडेस्तोवर आमची फाइल लिहून, सेव्ह करून, बंद झालेली असते.

सोलापुरी_चादर
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. @अर्धविराम, स्क्रीन शाबूत आहे. मे २०२४ मध्ये आलेल्या ०.१० ने दोन गोष्टी एकदम बदलल्या. एक, मूळची रंगसंगतीच नवी आली. दुसरी जास्त त्रासाची: टर्मिनलला २४ बिटी (सगळ्या छटांचे) रंग येतात असं कळलं की निओव्हिम ते वापरायची 'टर्मजीयूआयकलर्स' ही सेटिंग आपणहून चालू करतो. ऑफिसच्या टीमक्समध्ये त्याला ते कळत नसणार, किंवा तिथलं निओव्हिमच जुनं असेल. म्हणून तिथे सगळं पूर्वीसारखं.

तुमच्या फाइलमध्ये हायलाइटच्या (कशाला कोणता रंग, ते ठरवणाऱ्या) ओळी 'सीटर्मएफजी'ने, म्हणजे टर्मिनलच्या रंगाच्या आकड्याने लिहिल्यात का? पडताळायचं असेल तर आत 'व्हर्बोज हाय कॉमेंट' द्या आणि काय येतं ते इथे टाका.

अर्धविराम
मोबाइलवरून लिहितोय, कमांड देवनागरीत चालवून घ्या. आलं ते असं: सीटर्मएफजी=२०८, जीयूआयएफजी=एनव्हिमलाइटग्रे४, आणि खाली 'लास्ट सेट फ्रॉम' करून माझ्याच फाइलची ४१ वी ओळ. २०८ मीच लिहिलंय. मग दिसत का नाही?

सोलापुरी_चादर
सापडलं. २४ बिटी रंग चालू असले की सीटर्मचे आकडे तो वाचतच नाही, फक्त जीयूआयचे, म्हणजे २४ बिटी रंग बघतो. ते तुम्ही कधी दिलेच नाहीत, म्हणून नव्या थीमचा राखाडी तसाच राहिला. दोन ओळी टाका: 'सेट नोटर्मजीयूआयकलर्स' आणि 'कलरस्कीम व्हिम'. दुसरीने जुनी रंगसंगती येते.

जुनं_खोड
ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरवाल्याचे दोन शब्द. २०२२ च्या २८ व्या आवृत्तीपासून मोडस थीम सोबतच येतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट कमीत कमी ७:१ राखलेला. सोलराइज्डच्या कॉमेंट्स वाचायला आमच्या वयात भिंग लागतं.

रात्रपाळी
कॉमेंट फिकट असणं हाच तर मुद्दा आहे. कोड आधी दिसावा.

जुनं_खोड
दुसऱ्याचा कोड दुरुस्त करायला बसलात की कॉमेंटच आधी शोधाल.

अर्धविराम
दोन्ही ओळी फाइलच्या शेवटी टाकल्या. आता कॉमेंट्स निळसर!! नारिंगी नाहीतच. आणि डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलमधला फरक) वाढलेली ओळ कोणती, काढलेली कोणती, ते मला अजिबात कळत नाहीये. हेच काम आज द्यायचंय.

पर्णिका
डिफ का कळत नाही? दोन्हीचे रंग वेगळे असतात की.

अर्धविराम
अहो, मला लाल आणि हिरवं जवळजवळ एकसारखंच दिसतं. लहानपणी आई परसातल्या झाडावरच्या पिकलेल्या लाल मिरच्या तोडून आण म्हणायची, आणि मी पानं चाचपत बसायचो. म्हणून तर सगळे रंग हाताने ठरवलेले, वाढलेलं निळं, काढलेलं पिवळं.

पर्णिका
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत? अर्धी उत्तरं वाचली असती.

सोलापुरी_चादर
कलरस्कीमची ओळ शेवटी नको. कलरस्कीम लागताना आधीचं सगळं हायलाइट पुसतं, तुमची ४१ वी ओळही त्यातच गेली. कलरस्कीमचीच ओळ वर न्या, तुमच्या हायलाइटच्या ओळी तिच्या खाली. पुढेमागे २४ बिटी रंग हवे झाले तर प्रत्येक ओळीत जीयूआयएफजीही द्या. २०८ चा २४ बिटी कोड एफएफ८७००.

जुनं_खोड
मोडसमध्ये ड्यूटेरानोपियाच्या (लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांसाठी) वेगळ्या थीम आहेत. लाल-हिरव्याच्या जागी पिवळा-निळा, आयता. आणि फाइलमध्ये मराठी असेल तर २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून ईमॅक्स अक्षरं जुळवायला हार्फबझ वापरतं, जोडाक्षरं नीट जुळतात. टर्मिनलात प्रत्येक अक्षराला चौकटी ठरलेल्या, त्यामुळे 'र्‍हस्व' लिहिलं की कर्सर भलतीकडे.

माहेरचा_आंबा
व्हीएस कोडमध्येही जोडाक्षरं नीट दिसतात.

रात्रपाळी
विचारलं कुणी?

अर्धविराम
ओळ वर नेली. कॉमेंट्स नारिंगी! डिफ निळं-पिवळं! @सोलापुरी_चादर, तुमच्या गावात आलो की शेंगाचटणी माझ्याकडून. @जुनं_खोड, ईमॅक्स रविवारी बघतो, आज नाही.

सोलापुरी_चादर
शेंगाचटणी आमच्याकडेच मिळते, तुम्ही फक्त भाकरी आणा.

नवाकोरा_७७
मलापण सेम प्रॉब्लेम आहे. काय केलं शेवटी? (नोटपॅड प्लस प्लस)

सोलापुरी_चादर
सेम म्हणजे नक्की काय दिसतंय? आवृत्ती?