दाट वर्टला एक पाकीट यीस्ट पुरत नाही

माल्टवेडा (धागाकर्ता):
घरी बार्लीवाइन (खूप दाट, कडक बिअर) करताना यीस्ट किती टाकायचं असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "एक पाकीट बास, यीस्ट आपोआप वाढतं." मला हे अजिबात पटत नाही, आणि नवख्या माणसाला असं सांगणं चूक आहे.

हिशेब बघा. एल प्रकारच्या बिअरसाठी नेहमीचा ठोकताळा म्हणजे वर्टच्या (आंबवण्याआधीचा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोड रस) दर मिलिलिटरमागे, दर डिग्री प्लेटोला (रसातल्या साखरेचं माप) 7.5 लाख पेशी. दाट वर्टला 10 लाख धरतात. 1.096 ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबत जाते तशी उतरते) म्हणजे जवळपास 23 प्लेटो. 20 लिटरला झाल्या 460 अब्ज पेशी. द्रव यीस्टच्या बऱ्याच पाकिटांत ताजेपणी साधारण 100 अब्ज असतात. म्हणजे गरजेच्या पाव हिश्श्याहून कमी, आणि पाकीट दोन-तीन महिने जुनं असेल तर त्यातल्याही कित्येक मेलेल्या.

माझी पहिली बार्लीवाइन अशीच बुडाली. दीड दिवस एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी झाकणावरची नळी) गप्प. तिसऱ्या दिवशी धडाक्यात बुडबुडे, आठव्या दिवशी सगळं शांत. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचं साधन) 1.042 वर अडकला तो तीन आठवडे हलला नाही, उतरायला हवा होता 1.024 पर्यंत. ग्लास नाकाशी नेला की नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा यायचा, घोट घेतला की साखरेच्या पाकासारखं काहीतरी जिभेला चिकटायचं. दोन महिने बाटलीत ठेवूनही तो भपकारा गेला नाही.

हॉपसखी:
असहमत. भपकाऱ्याचं खापर पेशींच्या संख्येवर फोडताय, पण फर्मेंटरचं (आंबवायच्या भांड्याचं) तापमान लिहिलंच नाहीत. दाट वर्ट आंबताना स्वतःच तापतं. खोलीपेक्षा चार-पाच अंश वर सहज जातं. फ्यूजल अल्कोहोल (उग्र वासाची जड अल्कोहोलं) तिथून येतं. मी ट्रिपेलला (बेल्जियन धाटणीची कडक बिअर) कोरड्या यीस्टचं एकच पाकीट टाकते, पहिले तीन दिवस 18 अंशांवर धरून ठेवते. 1.080 वरून 1.012 ला उतरली. आणि यीस्ट मुद्दाम थोडं कमी ठेवलं की फळांचा जो सुगंध येतो तो मला हवा आहे. भरमसाट यीस्ट टाकून बिअर सपक करण्यात काय मजा?

माल्टवेडा:
तापमान 24 अंश होतं, ती चूक मान्य. पण तुमच्या उदाहरणाने माझाच मुद्दा सिद्ध होतो. कोरड्या पाकिटात 200 अब्जांच्या आसपास पेशी धरतात. तुमच्या ट्रिपेलची गरज 7.5 लाखांच्या दराने 290 अब्ज. म्हणजे तुम्ही तिसरा हिस्सा कमी टाकलंत, मी तीन चतुर्थांशाहून जास्त. शिवाय ट्रिपेलमध्ये साधी साखर असते, ती यीस्ट शेवटपर्यंत खाऊन टाकतं. माझं वर्ट निव्वळ माल्टचं होतं.

फेसाळ:
दोघंही फक्त डोकी मोजताय. ऑक्सिजनचं काय? पेशीच्या आवरणाला स्टेरॉल (आवरण लवचीक ठेवणारा स्निग्ध पदार्थ) लागतं आणि ते बनवायला ऑक्सिजन लागतो. पेशी दुभंगत गेल्या की तेवढंच स्टेरॉल सगळ्यांत वाटलं जातं, आवरण कमकुवत होतं आणि अल्कोहोल चढलं की पेशी हात टेकतात. त्यात वर्ट जितकं दाट तितका ऑक्सिजन कमी विरघळतो. नुसतं हलवून फार तर 8 पीपीएम (दहा लाखांत 8 भाग) मिळतो, तोही पातळ वर्टमध्ये. मी शुद्ध ऑक्सिजन बारीक छिद्रांच्या दगडातून वर्टमध्ये सोडतो, आणि 1.090 च्या वर असेल तर 12 ते 18 तासांनी पुन्हा एकदा. त्यानंतर मात्र झाकणाला हात लावायचा नाही.

हॉपसखी:
हे पटलं. कोरड्या यीस्टमध्ये स्टेरॉलचा साठा आधीच भरलेला असतो, म्हणूनच माझं एका पाकिटावर निभावत असावं. तरी 460 अब्ज गाठायला घरी दोन टप्प्यांचा स्टार्टर (यीस्ट आधी वाढवून घ्यायचं छोटं वर्ट) लागणार: लिटरला 100 ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालून दोन दिवस फिरवायचं, वरचं पाणी ओतून टाकून पुन्हा तेच. नवख्याला हे सांगितलं तर तो दाट बिअर करायच्या वाटेलाच जाणार नाही.

माल्टवेडा:
म्हणून तर त्याला सांगायचं, आधी 1.040 ची साधी बिअर कर, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कमी घाल. ती बाटल्यांत भरली त्याच दिवशी तळाचा घट्ट गाळ उचल. घट्ट गाळात मिलिलिटरला अब्जभर पेशी धरल्या तरी अर्धा लिटर पुरतो. यीस्ट ताजं, वर पिण्याजोगी बिअरही हाती. गेल्या खेपेला मी हेच केलं, तेच वर्ट, 18 अंश. पाच तासांत फेस आला, अकराव्या दिवशी 1.023.

फेसाळ:
एक शंका. सबंध गाळावरच वर्ट ओतलं तर?

माल्टवेडा:
नको. गरजेच्या दोन-तीन पट यीस्ट होतं, त्यात मेलेल्या पेशी आणि हॉप्सचा चोथाही येतो. मोजून घ्या.

हॉपसखी:
गाळाची युक्ती मी करून बघते. पण एकच वर्ट दोन फर्मेंटरमध्ये वाटणार: एकात तुमच्या हिशेबाने, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, दोन्ही 18 अंशांवर. सुगंध निम्म्यातच जास्त येईल असं मला अजूनही वाटतं. आकडे आणि चव, दोन्ही इथेच लिहीन.