तक्रारपेटीत निनावी चिठ्ठी आली आहे, सचिव म्हणतात आधी अक्षर ओळखा. काय करू?

वाळव्याच्या मॅडम:
नमस्कार. वाळवा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत, पाचवी ते दहावी, मी जूनपासून प्रभारी मुख्याध्यापिका आहे. सोमवारी तक्रारपेटी उघडली तर मुलांच्या चिठ्ठ्यांत वहीचं एक पान निघालं. पोषण आहाराचा तांदूळ शनिवारी शाळा सुटल्यावर छोट्या हत्तीतून बाहेर जातो, कधी एक कट्टा, कधी दोन, आणि हजेरी वाढवून मेळ बसवतात, असं लिहिलंय. ज्या सरांकडे आहाराचं काम आहे त्यांचं नाव आहे. खाली सही नाही.

संस्थेच्या सचिवांना सांगितलं तर पहिला प्रश्न, "लिहिलंय कुणी?" आता शिपाई आणि स्वयंपाकाच्या मावशी, सगळ्यांकडून चार-चार ओळी लिहून घ्या म्हणतायत. अक्षर कुणाचं असावं याचा मला अंदाज आहे आणि म्हणूनच झोप उडालीय. त्या बाईच्या एकटीच्या मानधनावर घर चालतं. चिठ्ठी दाबायची नाही हे नक्की. पण पुढं पाठवली तर फिरून गावातच येणार. मार्ग सांगा.

निवृत्त मुख्याध्यापक, कोरेगाव:
मॅडम, अक्षराचे नमुने अजिबात घेऊ नका. एकदा ते कागद गोळा झाले की चौकशी तांदळाची राहत नाही, त्या बाईची होते. शिवाय पुन्हा तुमच्या पेटीत कुणी काही टाकणार नाही.

निनावी अर्ज वर पाठवला तर बहुधा दप्तरी दाखल होतो. म्हणून चिठ्ठीतली गोष्ट तुमच्या स्वतःच्या तपासणीतून कागदावर आणा. मुख्याध्यापकाला साठा तपासायला कुणाच्या तक्रारीची गरज नसते. महिनाअखेरची तपासणी म्हणून करा. वर्गशिक्षकांची हजेरी, रोज ऑनलाइन भरलेली लाभार्थी संख्या, साठा नोंदवही आणि चव नोंदवही (आहार वाढण्याआधी चव घेणाऱ्यानं सही करायची वही), चारही एकत्र मांडा. सहावी ते आठवीला माणशी 150 ग्रॅम तांदूळ धरतात, पाचवीला 100. समजा सहावी ते आठवीत 140 पोरं हजर आणि नोंद 178 ची. फरक 38. रोजचे 5 किलो 700 ग्रॅम, 24 दिवसांचे 137 किलोच्या आसपास. पन्नास किलोचे पावणेतीन कट्टे झाले की! चव नोंदवहीत सह्या कुणाच्या आहेत तेही बघा. चव घेणारा पालक त्या दिवशी शाळेत आला होता का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

मग शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन सदस्यांसमोर कट्टे वजन करून पंचनामा. तुमच्या सहीचा अहवाल गटशिक्षणाधिकाऱ्यांना, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना, कारण शाळा माध्यमिक असली तरी पोषण आहार त्यांच्याकडे येतो. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अहवालात चिठ्ठीचा उल्लेख नको. मूळ पान पाकिटात घालून, सील करून, तुमच्या कपाटात. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही नको, सचिवांनाही.

जतचा मास्तर:
सरांचं पटलं. एक मात्र म्हणतो, चिठ्ठी खोटीही असू शकते. आमच्याकडं गटबाजीतून असले कागद पडलेले मी पाहिलेत. त्या सरांना वह्या समोर ठेवून लेखी खुलासा मागा, सात दिवसांची मुदत द्या. मात्र तोवर कोठीची किल्ली आणि वह्या तुमच्या ताब्यात पाहिजेत.

कराडची वकील:
मॅडम, जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा केंद्रीय कायदा 2014 साली संमत झाला, पण तो अजून लागूच केलेला नाही. त्या भरवशावर त्या बाईंना कसलंही वचन देऊ नका. त्यांचं नाव तुमच्या तोंडून न निघणं, हेच त्यांचं संरक्षण. उद्या त्यांना अचानक कामावरून कमी करायचा ठराव आला तर तुमचा विरोध लेखी नोंदवा.

तुमच्यावरच राग निघाला तर 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याचं कलम 9 लक्षात ठेवा. बडतर्फी किंवा पदावनती झाली तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं.

आणि सगळ्याच मुख्याध्यापकांना कळकळीनं सांगते, पेटीतली चिठ्ठी मुलाच्या लैंगिक छळाची असेल तर वरचं काहीही लागू नाही. तिथं आधी आपण शहानिशा करू, खुलासा मागू, असं चालत नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे थेट पोलिसांना कळवायचं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. 2024 साली बदलापुरात मुलींच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला, तो न कळवल्याबद्दलच. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच.

वाळव्याच्या मॅडम:
सगळ्यांचे मनापासून आभार. अक्षराचे नमुने घेणार नाही, असं सचिवांना आज लेखी कळवलं. ते चिडलेत. चव नोंदवही ताब्यात घेतली. ऑगस्टच्या सगळ्या पानांवर एकाच पेनानं, एकाच हाताच्या सह्या आहेत. शुक्रवारी वजनकाटा मागवलाय. कोरेगावच्या सरांना एकच विचारते, समितीचे अध्यक्ष त्या सरांचे मेहुणे आहेत. पंचनाम्याला त्यांना वगळून दुसरे दोन पालक सदस्य बोलावले तर चालेल ना?

निवृत्त मुख्याध्यापक, कोरेगाव:
चालेल. त्यातली एक आई असू द्या, आणि अध्यक्षांना का बोलावलं नाही ते कारण पंचनाम्यातच लिहा.