साताऱ्यात ४०० पानांचं लग्न, बजेट ९ लाख: कात्री नेमकी कुठे लावावी?

माणदेशी_२

नमस्कार मंडळी. वैशाखातला मुहूर्त धरला आहे, कार्यालय सातारा शहराजवळचं. दोन्हीकडचे मिळून ४०० लोक, खर्च निम्मा निम्मा. दागिने धरून सगळं ९ लाखांत बसवायचं आहे. आतापर्यंत आलेले आकडे असे: कार्यालय ९० हजार, केटरर ताटाला ३५०, सजावट १ लाख १० हजार, फोटो-व्हिडिओ ८५ हजार. सोनं पाच तोळे घ्यायचं आहे आणि त्यातला बराचसा भाग घरातलं जुनं सोनं मोडून उभा करायचा आहे.

प्रश्न तीन. पहिली कात्री कुठे लावावी? केटररऐवजी आचारी लावून किराणा आपण भरला तर खरंच स्वस्त पडतं का? आणि सोन्यात पैसा कुठे वाया जातो?

---

पंगत_वाढपी

कात्री लावण्याआधी ४०० हा आकडा फोडा. तो कुटुंबांवरून काढलाय की माणसांवरून? पत्रिकेच्या यादीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने करा, घरात माणसं किती आणि येणार किती. गावाकडे चूलबंद आमंत्रण दिलं तर घरातले पाचही जण जेवायला येतील असं धरावं लागतं. पुण्या-मुंबईच्या घरातून एक किंवा दोनच येतात. ‘घरटी एक’ कुणाला आणि ‘चूलबंद’ कुणाला, हे दोन्ही घरांनी एकत्र बसून ठरवा. नुसत्या या एका बैठकीने यादी बरीच खाली येते, आणि माणूस कमी झाला की ताट, पाणी, खुर्ची, आहेर, गाडी सगळंच त्याच्याबरोबर कमी होतं.

दुसरं म्हणजे, लग्नात एकच जेवण नसतं. बजेट फुटतं ते इथे. तुमच्याच आकड्यांवर मांडतो, बाकीचे दर अंदाजाने धरलेत:

लग्नाचं जेवण ४०० × ३५० = १,४०,०००
सीमांतपूजनाच्या रात्री १५० × २०० = ३०,०००
हळदीला १०० × १५० = १५,०००
सकाळचा चहा-नाश्ता १५० × ७० = १०,५००

झाले १,९५,५००, आणि ५ टक्के जीएसटी धरून २,०५,२७५. तुमच्या डोक्यात बहुधा १ लाख ४० हजारच असतील. बँडवाले, फोटोवाले, ड्रायव्हर, मेकअपवाली ताई आणि कार्यालयाची माणसं अशी वीस-पंचवीस पानं वेगळीच. ती कुणाच्याच यादीत नसतात.

केटररशी बोलताना गॅरंटीचा आकडा, म्हणजे निदान जेवढ्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात तो, हा खरा सौदा. ४०० ना आमंत्रण असेल तर ४०० ची गॅरंटी देऊ नका. यादी तपासून ३२५ ची द्या आणि ‘वर १० टक्के तयारी ठेवाल, वाढीव ताटाचे पैसे त्याच दराने’ हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. अंतिम आकडा लग्नाच्या किती दिवस आधी सांगायचा तेही लिहा. आकडा वाढवता येतो, कमी करता येत नाही, म्हणून खालून सुरुवात करायची.

बुफेत ताटं मोजली जातात, माणसं नाही. ज्याने दुसरं ताट उचललं तो दोनदा लागतो. जेवण सुरू होण्यापूर्वी ताटांच्या चळती मोजून कागदावर दोघांच्या सह्या घ्या आणि शेवटी उरलेली ताटं पुन्हा मोजा. या कामाला घरातला एकच शांत माणूस नेमा. नवरामुलगा किंवा मुलीचे वडील नकोत, त्यांना त्या वेळी भान नसतं.

मेनूत काय काढायचं? चाट, डोसा असले लाइव्ह काउंटर सगळ्यात आधी. पैसे पूर्ण पानसंख्येवर लावतात आणि मुख्य जेवण मात्र तेवढंच शिजतं. गोड एकच, पण भरपूर. जिलेबी-मठ्ठा, मसालेभात, पुरी-बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पापड-कुरडई एवढ्यावर वैशाखातला पाहुणा तृप्त होऊन उठतो. आइस्क्रीम हवंच असेल तर नगावर ठरवा आणि पानसंख्येच्या ७० टक्केच मागवा. छोट्या बाटल्यांऐवजी २० लिटरचे जार घ्या. उन्हाळ्यात माणशी दीड लिटर धरलं तरी ४०० जणांना ३० जार पुरतात.

---

वळीव

पंगत_वाढपी यांच्या बोलण्यात एक भर. पंगत बसवली तर दुसऱ्या ताटाचा प्रश्न येत नाही आणि अन्नही कमी टाकलं जातं. पण २०-२५ माणसांमागे एक वाढपी लागतो, आणि एका पंगतीला पाऊण तास सहज जातो. एका वेळी १२० बसत असतील तर ४०० जणांच्या चार पंगती, म्हणजे तीन तास. शेवटच्या पंगतीला चार वाजतात आणि सकाळच्या सत्राची कार्यालयाची वेळ संपते. त्यामुळे सीमांतपूजनाला पंगत आणि लग्नाला बुफे हे मला पटतं.

आता आचाऱ्याचं. स्वस्त पडतं, पण १०० ते १५० पानांपर्यंतच. १०० पानांना साधारण हे सामान लागतं: मसालेभात आणि साधा भात मिळून तांदूळ ९ किलो, तूरडाळ अडीच किलो, पुऱ्यांना कणीक ९ किलो, बटाटे १० किलो, जिलेबी १० किलो, मठ्ठ्याला दही ८ किलो, काकडी ४ किलो. तेलाचा अंदाज आचाऱ्याकडूनच घ्या. तळणाचे पदार्थ किती त्यावर ते ठरतं आणि कमी पडतं ते हमखास तेलच. याच्यावर १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर, भांड्यांचं भाडं, हरवलेल्या चमच्या-वाट्यांची भरपाई, भाजी चिरायला आणि भांडी घासायला बायका, आणि पहाटे चार वाजता दार उघडून सामान काढून देणारा घरचा माणूस. ४०० पानांना हे केलं तर वाचलेले पैसे धावपळीत जातात आणि घरचा एक माणूस लग्नाला मुकतो. हळदीला आचारी लावा, लग्नाला केटरर.

कार्यालय लॉनचं आहे का? असेल तर दुसऱ्यांदा विचार करा. वैशाखात तुमच्या भागात दुपारनंतर वळीव येतो. लॉनवर ऐनवेळी ताडपत्री आणि पत्र्याचा मंडप उभा करायला मागतील तेवढे पैसे द्यावे लागतात. पाऊस आला तर आतल्या हॉलमध्ये किती माणसं बसतात, हे आत जाऊन खुर्च्या मोजून पाहा.

---

हिशेबवही

९० हजार भाड्यात काय येतं ते बुकिंगच्या पावतीवर उतरवून घ्या. विचारायचं ते असं: वीज भाड्यात की मीटरच्या युनिटवर? युनिटवर असेल तर ताबा घेताना आणि सोडताना रीडिंगचा फोटो काढा. जनरेटरचं डिझेल तासावर की घेतलं तर? साफसफाई, टँकर, खोल्या, गाद्या वेगळ्या का? बाहेरचा केटरर आणि मंडपवाला चालतो का, की त्यावर कार्यालय वेगळी रक्कम घेतं? डिपॉझिट किती दिवसांत परत? आणि तारीख बदलली तर किती पैसे बुडतात?

ताबा कधी मिळतो हे सगळ्यात महत्त्वाचं. आदल्या दिवशी दुसरं लग्न असेल तर ते संध्याकाळी सातपर्यंत हलत नाहीत, तुमचं सीमांतपूजन रखडतं आणि सजावटवाला रात्रपाळीचे जास्तीचे पैसे लावतो.

सजावटीचे १ लाख १० हजार जीएसटीसकट आहेत का? मंडप-सजावटीवर १८ टक्के लागतो, म्हणजे १९,८०० वर. तुमच्या यादीतला सगळ्यात फुगलेला आकडा मला हाच वाटतो. मुहूर्ताच्या दिवशी गुलाब आणि परदेशी फुलं महागच असतात. मंचामागे कापडी पडदा, झेंडू आणि आंब्याच्या डहाळ्या, दाराला केळीचे खुंट आणि तोरण एवढं केलं तरी उठून दिसतं. सीमांतपूजन आणि लग्न एकाच मंचावर करा, फक्त पुढची चौकट बदला. जेवणाच्या हॉलची सजावट पूर्ण काढून टाका, तिथे कुणी वर बघत नाही.

शक्य असेल तर आठवड्याच्या मधला मुहूर्त घ्या. भाड्यात घासाघीस होते आणि नोकरदार पाहुणे कमी येतात, म्हणून गॅरंटीही खाली आणता येते.

पैसे बँकेतून द्या. एकाच कार्यक्रमासाठी एकाच व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात मनाई आहे. हप्ते पाडूनही ती चुकत नाही. दंड घेणाऱ्याला होतो हे खरं, पण पावती नसेल तर बुडालेलं डिपॉझिट तुम्ही कशाच्या जोरावर मागणार?

---

वेढणी

सोन्याबद्दल. भाव सगळीकडे जवळपास सारखाच असतो, फरक घडणावळीत पडतो. हिशेबाला सोपं जावं म्हणून २२ कॅरेटचा तोळा १ लाख धरा. घडणावळ १० टक्के असेल तर १,१०,००० आणि त्यावर ३ टक्के जीएसटी, झाले १,१३,३००. घडणावळ १८ टक्के असेल तर १,२१,५४०. एका तोळ्याला ८,२४० चा फरक, पाच तोळ्यांना ४१,२००. एवढ्यात तुमची हळदीची आणि सीमांतपूजनाची जेवणं जवळजवळ निघतात. म्हणून आधी घडणावळ विचारा आणि मग डिझाइन बघा. नक्षी जितकी बारीक तितकी घडणावळ चढते. पाटल्या आणि साध्या बांगड्यांना कमी, वेढणीला (सोन्याच्या साध्या वळ्याला) त्याहून कमी.

मंगळसूत्रात काळ्या मण्यांचं वजन सोन्याच्या भावाने लावलेलं नाही ना, ते बघा. बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे दोन आकडे वेगळे हवेत. ठुशी, साज, खडे बसवलेले हार यांनाही हाच नियम. दागिन्यावर बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा शिक्का, २२ कॅरेटला ९१६ आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये दुकानातच टाकून पाहा.

जुनं सोनं मोडताना तीन गोष्टी. वितळवण्याआधीचं आणि नंतरचं वजन तुमच्यासमोर करायला सांगा. शुद्धता यंत्रावर दाखवायला सांगा. आणि घट किती टक्के धरणार ते आधीच ठरवा. नव्या दागिन्याचा जीएसटी पूर्ण किमतीवर लागतो, जुनं वजा करून उरलेल्या रकमेवर नाही. मोड देऊन नवं घेणं म्हणजे घडणावळ दुसऱ्यांदा भरणं, म्हणून आजीच्या पाटल्या चांगल्या असतील तर त्या पॉलिश करूनच सुनेला द्या. मोत्याची नथ, तन्मणी आणि चिंचपेटी यांत सोनं थोडंच असतं आणि फोटोत त्याच उठून दिसतात.

---

माणदेशी_२

सगळ्यांचे मनापासून आभार. सजावटीचा आकडा जीएसटी सोडूनच होता, आजच विचारलं. एक अडचण उरते, मानपान. दोन्हीकडच्या थोरल्यांचा साड्या-टोप्यांचा आग्रह आहे. बस्त्याचा अंदाज दीड लाखावर जातोय.

---

पंगत_वाढपी

याद (लग्नाच्या बोलीचा कागद) करायला बसाल तेव्हाच हे मिटवा, नंतर कुणाला नाही म्हणता येत नाही. तिथे कोण काय करणार हे ओळीने लिहून दोन प्रती काढा. मानपान ‘सख्ख्यांपुरता, दोन्हीकडून सारखीच संख्या’ असा ठरवला तर कुणाचा मान जात नाही. उदाहरणार्थ दहा आणि दहा. बाकीच्यांना टॉवेल-टोपी आणि खण पुरे. पाहुण्यांच्या साड्या एकाच दुकानात, एकाच दरात घ्या. वेगवेगळ्या किमतीच्या घेतल्या की जावा-नणंदा किंमत ओळखतात आणि वाद तिथून सुरू होतो. उरलेल्या न वापरलेल्या साड्या परत घेणार का, ते बिलावर लिहून घ्या.

---

हिशेबवही

फोटोचे ८५ हजार राहिलेच. किती माणसं, किती तास, अल्बमची किती पानं आणि सगळे मूळ फोटो मिळणार का, हे लिहून घ्या. लग्नाआधीचं शूट काढलं की रक्कम बरीच खाली येते. निदान २० टक्के अल्बम हातात पडल्यावर द्यायचे ठेवा. सगळे पैसे आधी दिलेल्यांचे अल्बम दिवाळीपर्यंत रखडतात. वरातीच्या डीजेला तासावर पैसे ठरवत असाल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, तेवढे तास धरूनच बोला.

विवाह नोंदणीचा अर्ज आधीच भरून लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात घेऊन जा. त्यावर पुरोहिताची आणि तीन साक्षीदारांची सही लागते, आणि लग्नानंतर ९० दिवसांत तो द्यायचा असतो. गुरुजी आणि साक्षीदार त्या दिवशी समोरच असतात. नंतर त्यांना शोधत फिरायचं आणि शेवटी एजंटला पैसे द्यायचे, हा खर्च टळतो. पत्रिकेची एक प्रत त्याच पाकिटात ठेवा.