प्रणयकादंबरी आधी ॲपवर फुकट द्यावी की थेट छापावी?

सांजवात
गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रेमकथा लिहिणारे नवे हात कमी नाहीत. पुस्तक आलं की मात्र ठरलेला सोपस्कार होतो: पणजीत नाहीतर फोंड्यात प्रकाशन, व्यासपीठावर सात माणसं, शाल, नारळ, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आणि उरलेल्या प्रती लेखकाच्या माळ्यावर. माझं म्हणणं एवढंच की पहिली कादंबरी छापूच नका. प्रतिलिपी या कथा-वाचनाच्या ॲपवर क्रमशः टाका. हजार-बाराशे शब्दांचा भाग, आठवड्याला तीन, वार आणि वेळ ठरलेली. पंधरा भाग तयार असल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, कारण मालिका मध्येच बंद पडली की गेलेला वाचक फिरकत नाही. वाचक कुठे गळतात ते भागांच्या आकड्यांवरून कळतं. पाचव्याला निम्मेच आले तर खोट चौथ्यात शोधा. छापील पुस्तक हे कधी सांगणार?

दर्यावर्दी
गळती दिसते, मान्य. पण फुकट वाचणारा उद्या दोनशे रुपये काढेल हे कशावरून? तो ॲपचा वाचक, तुमचा नव्हे. तुमची मालिका संपली की पुढच्या 'कराराच्या लग्ना'वर जातो.

दुसरं, प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का, पुढच्या भागाच्या सुरुवातीला मागची उजळणी, हे साठ वेळा एकापाठोपाठ बांधलं की पुस्तक वाचवत नाही. छापण्याआधी उजळण्या काढाव्या लागतात, दोन-तीन भाग मिळून एक प्रकरण करावं लागतं आणि निम्मे धक्के काढून टाकावे लागतात. हे काम न करता तशीच फाईल प्रेसला देणारे बरेच.

आणि डिचोली-सत्तरीकडचा मराठी वाचक कोण? रविवारची पुरवणी, वाचनालय आणि जत्रेतलं नाटक यांवर पोसलेला. घरात कोंकणी, हातात मराठी. त्याला कागद लागतो. डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकारात 160 पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे दहा फॉर्म. तीनशे प्रती काढा, जास्त नको. चाळीस भेट आणि अभिप्रायासाठी बाजूला ठेवा, बाकी वाचनालयं आणि दुकानं.

सांजवात
दर्यावर्दीबाब, दुकानांचा हिशेबही मांडा की. किंमत 250 धरा. वितरक-विक्रेत्याचं कमिशन 45 टक्के धरलं तर हातात 137 रुपये 50 पैसे, तेही विकल्यावर. माल 'विक्री किंवा परत' अटीवर गेलेला असतो आणि परत येतो तो कोपरे दुमडून. छपाई त्यातूनच फेडायची.

केवडा
तुम्ही दोघेही एक गोष्ट सोडताय. ॲपवर पूर्ण कादंबरी फुकट ठेवून तीच ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक म्हणून टाकायची असेल तर अटी नीट वाचा. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी तर पुस्तक ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत असावं लागतं, नाहीतर 35. सिलेक्ट म्हणजे 90 दिवस डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेच नाही, फुकटसुद्धा नाही. छापील प्रत चालते. नमुना म्हणून सुमारे 10 टक्के मजकूर बाहेर ठेवता येतो. तेव्हा आधी ॲपवरचे त्यापुढचे भाग काढून टाका, कुणी केलेली पीडीएफ फिरतेय का बघा, मग नोंदणी करा. ती दर 90 दिवसांनी आपोआप पुढे सरकते. नको असेल तर ती खूण पुसून ठेवा. बदल्यात त्या 90 दिवसांत पाच दिवस पुस्तक मोफत ठेवायची सोय मिळते. ते पाचही एका दमात उडवू नयेत. दोन सुरुवातीला, तीन दुसरं पुस्तक येताना.

फाईलचं म्हणाल तर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी या जुन्या फॉन्टातली आणू नका. छापायला चालते, किंडलवर चिन्हांचा चिवडा होतो. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'ॲप', 'ऑफिस' असे शब्द शोधून एकेक तपासा. र आणि अर्धचंद्र तिथेच मोडतात, आणि नायक 'दुसर्या' दिवशी भेटला की वाचक हसतो. मुखपृष्ठ आणि चित्रं हलकी ठेवा. 70 टक्क्यांच्या पर्यायात फाईलच्या दर एमबीमागे सात रुपये रॉयल्टी काढण्याआधीच वजा होतात.

म्हादईकाठ
दहा टक्के आणखी एका ठिकाणी येतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. किंडलवर घेण्याआधी वाचक सुरुवातीचा तेवढाच नमुना चाळतो. 160 पानांत सोळा. आमच्याकडे त्यात काय असतं? अर्पणपत्रिका, ज्येष्ठ समीक्षकांची नऊ पानी प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश. नायिका येईपर्यंत नमुना संपलेला. प्रस्तावना शेवटी टाका. समीक्षक रागावतील, रागावू देत.

मलपृष्ठावर 'हृदयस्पर्शी सामाजिक कादंबरी' लिहिणंही बंद करा. प्रणय वाचणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: ही दोघं कोण, आणि त्यांच्या आड काय येतंय. शेवटी ती एकत्र येतात हा या प्रकाराचा अलिखित करार. तो मोडायचा असेल तर खुशाल मोडा, पण मग प्रेमकथा म्हणून विकू नका. प्रसंग किती मोकळे आहेत त्याचाही अंदाज वर्णनातच द्या. चुकीच्या वाचकाच्या हातात गेलेलं पुस्तक एक तारा घेऊनच परत येतं.

मुखपृष्ठावर समुद्र आणि माड कशाला? कथा साखळी गावच्या बाजारात घडते आणि कव्हर पर्यटन खात्याचं वाटतं.

अबोली
मी वाचकाच्या बाजूने. नवं पुस्तक सापडतं ते दुसऱ्या वाचकाच्या बोलण्यातून. म्हणून आगाऊ प्रती द्या, पण वीसच, आणि प्रणय वाचणाऱ्यांनाच. प्रकाशनाआधी महिनाभर. 'पाच तारे द्या' म्हणायचं नाही. ॲमेझॉनला घरच्यांचे, विकतचे आणि 'तू माझं लिही, मी तुझं' असले अभिप्राय चालत नाहीत, सापडले की काढून टाकतात. इन्स्टावर पैसे देऊन कुणाला बोलायला लावलंत तर त्यावर 'जाहिरात' असं स्पष्ट हवं, जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्येच तसं बजावलंय. आणि एकाच दिवशी तीस व्हॉट्सॲप गटांत तोच फॉरवर्ड टाकणं म्हणजे प्रसिद्धी नव्हे, उपद्रव.

दर्यावर्दी
अबोलीबाय, अगदी बरोबर. मात्र वाचनालयांवर मी ठाम आहे. पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयापासून गावच्या खोलीभर वाचनालयापर्यंत मागणी नोंदवायची वही असेल तिथे चार वेगवेगळ्या सभासदांनी नाव लिहिलं तर ग्रंथपालाच्या नजरेत भरतं. लेखकाने स्वतः चार वेळा लिहिलेलंही भरतंच, वेगळ्या कारणाने. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, हवा; तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, दलालाला पैसे देऊ नका. स्वतः छापलंत तर प्रकाशक तुम्हीच. म्हणजे 1954 च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत. हे निम्म्यांना ठाऊकच नसतं.

सांजवात
वाचनालयाची एक प्रत चाळीस जण वाचतात, विक्री एकाच प्रतीची. हेही फुकटच झालं की! फक्त माझ्या फुकटात कोण कुठे थांबलं ते दिसतं.

दर्यावर्दी
त्या चाळिसांतले पाच जण नाव लक्षात ठेवतात. 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं नाव असंच पसरत आलंय. कादंबरीतल्याच दुय्यम पात्राची अडीच हजार शब्दांची स्वतंत्र कथा लिहा, जूनमध्ये दिवाळी अंकाच्या संपादकाकडे पाठवा, लेखक-परिचयात कादंबरीचं नाव द्या.

केवडा
कथा पूर्ण हवी, कादंबरीचा तुकडा कापून नको. संपादक परवानगी देत असतील तर परिचयाखाली क्यूआर कोड टाका. तो पुस्तकाच्या पानावर उघडू दे, तुमच्या फेसबुकवर नव्हे. छापायला जाण्याआधी कागदावर काढून दोन वेगवेगळ्या फोनवर तपासा, अंकाच्या कागदावर बारीक कोड फुटतो.

सांजवात
दिवाळी अंकाचं पटलं. तीनशे प्रतींचं अजून नाही. मागणीनुसार छपाईची, म्हणजे ऑर्डर येईल तशी प्रत काढायची सोय असताना पहिल्या दिवशी तीनशे कशाला?

दर्यावर्दी
कारण मागणीनुसार छापलेली प्रत महाग पडते, आणि त्या भावात विक्रेत्याला 45 टक्के देऊन बघा काय उरतं ते.