मदत हवी आहे: मालगुजारी तलावाच्या गाळातले परागकण

नमस्कार मंडळी, एमएस्सी बॉटनीच्या प्रोजेक्टसाठी भंडारा जिल्ह्यातल्या एका जुन्या मालगुजारी तलावातून ८० सेंमीचा गाळाचा कोअर (नळीने काढलेला उभा, थरांसकट नमुना) काढलाय, त्यातले परागकण मोजून आजूबाजूचं जंगल कसकसं बदलत गेलं ते बघायचंय. ॲसिटोलिसिस (आम्लाने परागकण साफ करायची प्रक्रिया) नीट झालं, कण छान दिसतायत, पण पुढे अडलंय. काठाला सागच साग, तरी स्लाइडवर सागाचे कण अगदी मोजके आणि गवताचे ढीग. सागाचा पराग कीटक नेतात, वाऱ्यावर फारसा येत नाही, हे कळतं, पण मग टक्केवारीवरून तिथे जंगल होतं की माळरान हे ठरवायचं कसं? तुलनेसाठी आजच्या मातीच्या नमुन्यांतले परागकणही सोबत मोजू का? आणि भात कसा ओळखायचा, साध्या मायक्रोस्कोपखाली सगळी गवतं सारखीच गोल, एका छिद्राची, फायटोलिथच (वनस्पतींच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण) करावे लागतील ना? गाळाच्या थरांच्या वयाचा घोळ वेगळाच, वय काढायच्या किरणोत्सारी पद्धतींपैकी कार्बन १४ गेल्या ३०० वर्षांसाठी धड चालत नाही, लेड २१० जेमतेम १००-१५० वर्षं मागे नेतं, मधल्या काळाचं तुम्ही काय करता? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, इथे गाळ उपसायचं काम लवकरच सुरू होणारे, दुसरा कोअर घ्यायचा तर त्याआधीच घ्यावा लागेल.