शब्दचर्चा : कॅडिसची अळी, ‘माशी बांधणे’ आणि गळाचे नेढे

विचारणा

हिमाचलातील तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरण्यासाठी जाणाऱ्या काही मराठी मंडळींकरिता मी एक छोटे टिपण लिहीत आहे. कॅडिस नावाच्या कीटकाच्या पाण्यातील अळीसारखी दिसणारी साधी ‘फ्लाय’, म्हणजे माशाला भुलवणारा केसापिसांचा नकली कीटक, गळावर कशी तयार करावी, एवढाच त्याचा विषय आहे. कृती सोपी आहे. वाकड्या दांडीचा बारीक गळ, तांब्याची तार, दोरा, रंगवलेले केस आणि मोरपिसाचे दोन-तीन तंतू एवढे साहित्य पुरते. मी अडलो आहे तो शब्दांपाशी. ‘फ्लाय’ला माशी म्हणावे काय, ‘टाय’ करण्याला बांधणे हे क्रियापद चालेल काय, ‘लार्वा’ आणि ‘निंफ’ यांसाठी दोन वेगळे मराठी शब्द आहेत काय, हे ठरवता येत नाही. त्यातच ही अळी वाळूचे वा काटक्यांचे जे घर करते त्याला इंग्रजीत ‘केस’ म्हणतात, आणि माझ्या टिपणात सशाचे केस आधीच आलेले आहेत. ‘कॅडिसचे केस’ असे लिहिले, तर वाचणारा त्या अळीला केसाळ समजणार हे उघड आहे. केसांचा पुंजका दोऱ्यावर ठेवून बोटांनी फिरवत बसवण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘डबिंग’ म्हणतात, तिलाही शब्द हवा आहे. गळाच्या भागांची मराठी नावे कोणास ठाऊक असल्यास तीही हवी आहेत.

प्रतिसाद : ‘माशी’विषयी

आपल्या पहिल्याच शब्दात एक व्याकरणाची अडचण दडली आहे, ती आधी सांगतो. ‘मासा’ या शब्दाचे अनेकवचनी सामान्यरूप ‘माशां-’ असे होते आणि ‘माशी’चे ‘माश्यां-’ असे होते. लिहिताना एका जोडाक्षराचा फरक राहतो, पण बोलताना तो बहुधा उरत नाही, कारण आपण ‘माशा मारत बसलो’ असेच म्हणतो. त्यामुळे ‘माशांना माशा दाखवून माशांना पकडावे’ अशा वाक्यात कोण कोणाला पकडतो आहे हे लेखकालाच सांगत बसावे लागेल. एकवचनात मात्र ‘माशाला’ आणि ‘माशीला’ ही रूपे स्वच्छ वेगळी राहतात. म्हणून ‘माशी’ वापरायचीच असेल तर वाक्ये शक्य तेथे एकवचनी ठेवावीत.

माशी हा शब्द निर्जीव वस्तूला लावायला मराठीची हरकत नाही. बंदुकीच्या नळीवर नेम धरण्यासाठी जो बारीक उंचवटा असतो त्यालाही माशीच म्हणतात, आणि त्या माशीला कोणी पंख शोधत नाही. तरीही माझे मत ‘फ्लाय’ हाच शब्द ठेवावा असे आहे. तीर्थनच्या काठावरचा वाटाड्या, परवाना देणारा कर्मचारी आणि गळ विकणारा दुकानदार हे तिघेही ‘फ्लाय’ असेच म्हणतात. टिपण वाचून तेथे गेलेल्या माणसाने ‘माशी द्या’ असे म्हटल्यास नक्की कुठे माशी शिंकली हे त्या दुकानदाराला कळणार नाही. ‘ट्राउट’लाही हाच न्याय लावावा. हा मासा मुळी इथला नव्हेच. काश्मीरमध्ये तो १९०० च्या सुमारास स्कॉटलंडमधून आलेल्या अंड्यांतून रुजला आणि कुल्लूकडे १९०९ मध्ये पोहोचला. सह्याद्रीतल्या नद्यांचे पाणी त्याला सोसण्याइतके थंड नसल्यामुळे आपल्याकडे त्याला नाव पडण्याचा प्रसंगच आला नाही.

प्रतिसाद : कीटकशास्त्राच्या बाजूने

मी कीटकशास्त्र शिकवते, त्यामुळे ‘लार्वा’ आणि ‘निंफ’ यांच्याबाबत थोडे सविस्तर लिहिते. पूर्ण रूपांतर होणाऱ्या कीटकाच्या आयुष्यात अंडे, अळी, कोश आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. अपूर्ण रूपांतरात कोशाची अवस्था नसते आणि अंड्यातून निघालेला जीव पुष्कळसा प्रौढासारखाच दिसतो. हा भेद आपल्या शेतीच्या भाषेत फार पूर्वीपासून नीट पाळला जातो. कृषी विभागाच्या सल्ल्यांत बोंडअळीची ‘अळी’ असते, पण मावा आणि तुडतुडे यांची मात्र ‘पिल्ले आणि प्रौढ’ रस शोषतात. तेव्हा ‘लार्वा’ म्हणजे अळी आणि कीटकशास्त्रातला ‘निंफ’ म्हणजे पिल्लू हे शब्द तयार आहेत. नवे घडवण्याचे कारण नाही. कॅडिसचे रूपांतर पूर्ण असते, म्हणून तिची अळीच म्हटली पाहिजे. गळवाले लोक पाण्याखाली चालवायच्या जवळजवळ प्रत्येक फ्लायला सरसकट ‘निंफ’ म्हणतात. तो त्यांच्या धंद्यातला शब्द आहे, कीटकाच्या अवस्थेचा नव्हे, एवढे आपल्या टिपणात एकदा सांगून टाकावे.

मराठी विश्वकोशात लार्वासाठी ‘डिंभ’ हा शब्द वापरतात आणि तेथे तो योग्यच आहे, कारण बेडकाच्या किंवा खेकड्याच्या त्या अवस्थेला अळी म्हणता येत नाही. पण केवळ कीटकापुरते बोलायचे तर डिंभ कशाला हवा? अळी पानावरच असते, पाण्यात नसते, अशी शंका कोणी काढलीच, तर पावसाळ्यात नगरपालिका भिंतींवर लावते त्या डासांच्या अळ्यांच्या सूचना दाखवाव्यात.

‘फ्लाय’ला माशी म्हणण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे. कॅडिस ही माशी नाहीच. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते, कॅडिसला दोन असतात आणि त्या पंखांवर बारीक केस असतात. तिच्या गणाचे ट्रायकॉप्टेरा हे नाव केस आणि पंख या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून आले आहे. नात्याने ती पतंग आणि फुलपाखरे यांची सर्वांत जवळची. म्हणूनच तिच्या अळीलाही रेशीम काढता येते, आणि ते रेशीम पाण्याखालीही चिकटते.

आता घराविषयी. त्याला ‘कोश’ मुळीच म्हणू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रेशीमकोशात किडा निजलेला असतो, तर ही अळी वाळूचे कण वा पानांचे तुकडे रेशमाने जोडून केलेल्या नळीतून डोके आणि पाय बाहेर काढून तळावर हिंडते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हिला शब्दशः लागू आहे, तेव्हा ‘बिऱ्हाड’ हाच शब्द का घेऊ नये? कोशावस्थेची वेळ आली की ती त्याच बिऱ्हाडाची तोंडे बंद करून आत राहते, म्हणजे कोश नंतर येतो आणि बिऱ्हाड आधीपासून असते. हा क्रम एकाच शब्दाने दोन्ही सांगितल्यास पुसला जातो. (‘घरवाली अळी’ असे मात्र कृपया लिहू नये.)

सगळ्याच जातींना बिऱ्हाड नसते. काही जाती दगडांच्या फटीत प्रवाहाकडे तोंड केलेले जाळे विणून त्यात अडकलेले अन्न खातात. त्यांना जाळेवाल्या अळ्या म्हणता येईल. काही जाती जाळेही विणत नाहीत आणि बिऱ्हाडही करत नाहीत, दगडांवर मोकळ्या फिरून शिकार करतात. त्यांतल्या पुष्कळ रंगाने ठळक पोपटी असतात. आपण ज्या साध्या फ्लायविषयी लिहीत आहात ती या शेवटच्या दोन प्रकारांची नक्कल असणार, कारण वाळूची नळी गळावर वठवणे हे निराळे काम आहे. हे कीटक पाहायला हिमालयात जावे लागत नाही. पाऊस ओसरल्यावर सह्याद्रीतल्या एखाद्या स्वच्छ ओढ्यातला दगड उलटा करून पाहिला, तर त्याच्या पोटाला चिकटलेल्या वाळूच्या नळ्या आणि बारीक जाळी बहुधा सापडतात.

प्रतिसाद : ‘गळ’, ‘गरी’ आणि ‘आमिष’

आमच्या कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरायला जाण्याला गरवायला जाणे म्हणतात. ‘गरवणे’ हे क्रियापद इतके नेमके आहे, की ‘गळाने मासेमारी करण्याचा छंद’ अशी लांबलचक रचना वाचली की वाईट वाटते. देशावरच्या वाचकाला ते परके वाटेल, म्हणून आपण ‘गळ’ ठेवावा, पण एकदा तरी ‘गरवणे’ वापरून पाहावे.

‘आमिष’ या शब्दाबाबत मात्र सावध राहावे. मराठीत गळाला लावलेले गांडूळही आमिष आणि केसापिसांची फ्लायही आमिष, शिवाय निवडणुकीतले तर आहेच. परंतु जेथे केवळ फ्लायने मासेमारी करण्याची मुभा असते तेथे गांडूळ लावणे हा नियमभंग ठरतो. ‘आमिष वापरावे’ असे वाक्य लिहिले आणि कोणी खरोखरच गांडुळांचा डबा घेऊन गेला, तर दोष लेखकाकडे येईल. संस्कृतात आमिष म्हणजे मुळात मांस, त्यामुळे जे खाण्याजोगे आहे त्यालाच आमिष म्हणावे आणि जे केवळ तसे दिसते त्याला फ्लाय म्हणावे, हा भेद शब्दाच्या प्रकृतीलाही धरून आहे.

प्रतिसाद : सुईदोऱ्याच्या बाजूने

मासेमारीतले मला काही कळत नाही, पण भरतकाम आणि विणकाम यांत आयुष्य गेले आहे, आणि आपण विचारलेले बरेचसे शब्द त्या पेटीतच पडलेले दिसतात. ज्या भोकातून दोरा ओवतात ते सुईचे नेढे. गळालाही दोरी ओवायचे भोक असते, तेव्हा तेही नेढेच. राजगडाच्या माथ्यावर कड्याला पडलेल्या आरपार भोकाला जर नेढे म्हणता येते, तर गळाला का नाही? सरळ भाग ती दांडी, वळतो तो बाक, टोचते ते टोक, आणि टोकामागे मासा सुटू नये म्हणून जो उलटा काटा असतो त्याला उलटा काटाच म्हणावे.

‘डबिंग’ हा शब्द आपण कृपया टाळावा, चित्रपट डोळ्यांपुढे येतो. आपल्या वर्णनावरून ती क्रिया अशी दिसते, की केसांचा विरळ पुंजका दोऱ्यावर ठेवून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एकाच दिशेने फिरवतात आणि केस दोऱ्याभोवती बसतात. याला मराठीत वळणे म्हणतात. देवापुढची वात वळताना बोटे जे करतात तेच इथे करतात, फक्त आत दोरा असतो. म्हणून ‘दोऱ्यावर केस वळावेत’ असे लिहिले की पुरे. दांडीभोवती दोरा वा तार फिरवली, की तो वेढा. ‘पीळ’ आणि ‘वेढा’ यांची सरमिसळ करू नये, कारण पीळ दोऱ्याच्या अंगात असतो आणि वेढा दांडीवर पडतो.

‘बांधणे’ मला पूर्णपणे मान्य आहे. फेटा बांधतात, तोही गाठीपेक्षा वेढ्यांनीच उभा राहतो.

विचारणाऱ्याकडून

सर्वांचा आभारी आहे. ‘बिऱ्हाड’ आणि ‘नेढे’ हे शब्द मी तत्काळ घेतले. ‘फ्लाय’ तशीच ठेवली आहे, क्रियापद ‘बांधणे’. या शब्दांनी कृतीचा उतारा पुन्हा लिहिला, तो तपासून द्यावा.

‘बारा किंवा चौदा क्रमांकाचा, वाकड्या दांडीचा गळ घ्यावा. गळाचा क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो, हे विसरू नये. उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, म्हणजे सोडून द्यायचा मासा फारशी इजा न होता सुटतो. गळ बाकापाशी व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला लावायच्या पकडीत, पक्का धरून दांडीच्या मधल्या भागावर तारेचे आठ-दहा वेढे एकमेकांना लागून द्यावेत. हे वजन आवश्यक आहे, कारण ही अळी तळाशी राहते आणि वर तरंगणारी अळी ट्राउटला खरी वाटत नाही. त्यावर नेढ्यामागून बाकापर्यंत दोऱ्याचे वेढे द्यावेत आणि बाकावर बारीक तांब्याच्या तारेचे एक टोक बांधून तार तशीच लोंबती ठेवावी. मोटरचे वाइंडिंग करणाऱ्यांकडे मिळणारी ३६ क्रमांकाची, म्हणजे सुमारे ०.१९ मिलिमीटर जाडीची तार याला उत्तम. आता दोऱ्यावर पोपटी किंवा मातकट रंगाचे केस विरळ वळून दांडीचा तीनचतुर्थांश भाग भरावा. लोंबती तार त्यावरून अंतरा-अंतराने पाच-सहा वेढ्यांत पुढे आणावी, म्हणजे अळीच्या अंगावरच्या वळ्या दिसू लागतात. पुढच्या भागात मोरपिसाच्या दोन तंतूंचे तीन-चार वेढे द्यावेत, कारण डोक्यामागचा भाग गडद असतो व पायही तेथेच असतात. नेढ्यामागे दोऱ्याने छोटे डोके करून गाठ मारावी आणि दोरा कापावा.’

मोरपीस गळून पडलेलेच वापरावे आणि ते देशाबाहेर नेऊ नये, अशी ओळ खाली घातली आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, हेही लिहिले आहे.

प्रतिसाद : कीटकशास्त्राच्या बाजूने

उतारा चांगला उतरला आहे. ‘वळ्या’ हा शब्दही नेमका आहे, पोटावरच्या वळ्या सर्वांना ठाऊक असतात. एकच दुरुस्ती सुचवते. ‘पायही तेथेच असतात’ असे म्हणून आपण पुढे गेलात, पण पाय केले नाहीत. मातकट जाळेवाली अळी बांधत असाल तर मोरपिसाऐवजी तेथे सशाचे तपकिरी केस वळावेत आणि शेवटी सुईच्या टोकाने खालच्या बाजूचे थोडे केस उकरून मोकळे करावेत. पाय तेवढ्याने होतात. हीच उकर पोटाखालीही किंचित केली तर चालेल, कारण त्या जातींना पोटाखाली कल्ल्यांचे झुबके असतात. पोपटी अळी मात्र गुळगुळीत ठेवावी.

प्रतिसाद : सुईदोऱ्याच्या बाजूने

आणि ‘गाठ मारावी’ याआधी ‘नेढे बुजणार नाही अशा बेताने’ हे शब्द घालावेत. नवख्या हाताकडून दोऱ्याचे शेवटचे वेढे नेढ्यावर चढतात, आणि मग नदीकाठी थंडीत काकडलेल्या बोटांनी दोरी ओवायची वेळ आली, की ती आत जात नाही.